कमी लोडची वसाहत

आमच्या वसाहतीत गेल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त बोलणी कुणी खाल्ली असतील तर ती मी. त्याला कारणही तसंच आहे. ही वसाहत ज्या ऑफिसने आखली, त्या ऑफिसात मी नोकरी करते. रिकाम्या जमिनीवर पहिल्यांदा दोऱ्या ताणल्या तेव्हापासून शेवटच्या जिन्याला कठडा लागेपर्यंत मी त्या कामावर होते. आणि मग, सगळे नको नको म्हणत असताना, आम्ही तिथेच घर घेतलं. डॉक्टरने दवाखान्याच्या माडीवर राहावं तसं झालं. कुणाच्या भिंतीला ओल येवो की कुणाचं दार फुगो, पहिली बेल आमची वाजते.

ग्रेटर नोएडाच्या बाजूला, शेतं संपून टॉवर सुरू होतात तिथे ही वसाहत आहे. आजूबाजूला काचांचे उंच टॉवर, आणि मध्ये आमच्या तळमजला धरून चार मजल्यांच्या बुटक्या इमारती. त्यांच्या लांब बाजू उत्तरेला आणि दक्षिणेला, पश्चिमेला खिडक्या जवळजवळ नाहीतच. दक्षिणेला खोल छज्जे. बाहेरच्या भिंती दुहेरी, मध्ये पोकळी सोडलेली. गाड्या फाटकापाशीच थांबतात. आत नुसत्या अरुंद गल्ल्या, म्हणजे एका इमारतीची सावली दुसरीवर पडते. जिने बंद पेटीसारखे नाहीत, जाळीचे आहेत, गच्चीपर्यंत मोकळे. तापलेली हवा तिथून वर निघून जाते. कोपऱ्यातल्या घरांना पश्चिमेकडे बाल्कनी आहे. ती मुद्दाम खोल आणि उघडी ठेवली, म्हणजे दुपारचं ऊन तिथेच अडावं, घराच्या भिंतीपर्यंत पोचू नये.

यातलं बरंचसं मी कॉलेजात शिकलेले नाही. लग्न होऊन पुण्याहून दिल्लीला आले ती आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये. सासरे केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात होते. उन्हाळ्यात सकाळची भांडी झाली की सासूबाई घरभर फिरून एकेक खिडकी लावायच्या, पडदे ओढायच्या, आणि ऊन उतरलं की पुन्हा फिरून सगळं सताड उघडायच्या. मला पहिल्या वर्षी त्या अंधारात रडू यायचं. पुढे या विषयातलं शिक्षण घेतलं तेव्हा कळलं की सासूबाई ते घर चालवत होत्या, जशी गाडी चालवतात तसं.

तर अशा घरांना वीज कमी लागणार, म्हणून आम्ही अख्ख्या वसाहतीसाठी विजेचा लोडही कमीच मागितला. शेजारच्या टॉवरांच्या मानाने बराच कमी. ट्रान्सफॉर्मर लहान, केबल बारीक. तो आकडा मी काढला होता, आणि बैठकांमध्ये त्यासाठी भांडलेही मीच होते.

आमच्या बरोबर वरच्या घरात, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर, सैन्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार आणि त्यांची बायको राहतात. मूळचे साताऱ्याकडच्या एका खेड्यातले. नोकरीची शेवटची वर्षं दिल्ली कँटोन्मेंटमध्ये गेली, मुलगा इकडेच कामाला लागला, म्हणून राहिले. अख्ख्या इमारतीत मराठी बोलणारी घरं आमची दोनच. वडील गेल्यावर माझी आई पुण्याहून आमच्याकडे राहायला आली, तेव्हा तिला दिल्लीत करमेल की नाही याची मला धास्ती होती. ती धास्ती सुभेदार काकूंनी आठवड्याभरात मिटवली. रोज दुपारचा चहा झाला की त्या पायऱ्या उतरून आमच्याकडे यायच्या. गुडघे दुखायचे, तरी लिफ्टने यायच्या नाहीत. लिफ्टमध्ये त्यांना भीती वाटायची.

हे बिघडलं ते एका हिवाळ्यात. सुभेदार काकांनी पश्चिमेची बाल्कनी काचेने बंद करून घेतली. नुसती बंदच केली नाही, मधलं दार आणि भिंतही पाडून ती जागा बैठकीच्या खोलीत घेतली. मी सोसायटीच्या बांधकाम समितीवर होते. वर जाऊन म्हटलं, "काका, उन्हाळ्यात फार त्रास होईल हो. ती बाल्कनी म्हणजे तुमच्या घराची छत्री होती."

"ताई," ते म्हणाले, "आत्ता थंडीत नातवंडं येत्यात. झोपवू कुठं त्यांना? छत्रीखाली?"

मी पुष्कळ समजावलं. ते ऐकून घेत होते, पण चेहरा बंद झाला होता. शेवटी म्हणाले, "घर माझं हाय का तुमच्या ऑफिसचं?" पुढच्या आठवड्यात समितीने त्यांना नोटीस पाठवली. समितीत माणसं पाच, पण सही करायला सगळ्यांनी मलाच पुढे केलं. त्या दिवसापासून काका माझ्याशी बोलेनासे झाले. काकूही यायच्या बंद झाल्या. जिन्यात दिसल्या तर हसायच्या, पण थांबायच्या नाहीत. आई दोन-तीनदा वर जाऊन आली, मग तीही अवघडली.

काकांनी पुढे ठराव मांडला की ज्याला हवं त्याने बाल्कनी काचेने बंद करावी, समितीने मध्ये पडू नये. बऱ्याच जणांना तेच हवं होतं. काही जणांनी ठरावाची वाट न बघता काचा लावल्याही, आणि काचा आल्या की त्यामागे जास्तीचे एसी आले. ठरावावर मतदान जूनमध्ये व्हायचं होतं. मी हरणार हे उघड होतं.

गेल्या वर्षी मे संपता संपता जी उष्णतेची लाट आली ती ठराव व्हायच्या आधीची. त्या आठवड्यात नवरा कामासाठी बंगळूरला होता, आणि ऑफिसने आम्हाला घरूनच काम करायला सांगितलं होतं. आईचं जेवण झालं होतं. मी भात वाढून घेत होते तेवढ्यात फाटकाच्या बाजूने मोठा धडाका झाला. खिडकीची तावदानं हादरली. पंखा फिरता फिरता हळू होत गेला आणि थांबला.

आधी वाटलं, नेहमीसारखी वीज गेली असेल. मग सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला. ट्रान्सफॉर्मरमधून काळा धूर निघत होता. त्याखाली धडाधड निरोप. वीज कंपनीचा माणूस म्हणतो, जळालाय, बदलावा लागेल. दुसरा कुठून तरी आणावा लागेल. आज होणं कठीण. जनरेटर फक्त पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे चालवेल, लिफ्ट नाही. आणि मग, ज्याची मी वाट बघत होते तो निरोप: "लोड कमी किसने रखवाया था? मॅडम से पूछिए."

मी चपला घातल्या आणि खाली गेले. न जाणं शक्यच नव्हतं.

मधल्या चौकात कडुनिंबाखाली वीस-पंचवीस माणसं जमली होती. तळमजल्यावर राहणारा, बँकेत काम करणारा एक लखनौकडचा शेजारी सगळ्यात पुढे होता. एरवी अतिशय अदबीने बोलणारा माणूस. त्या दिवशी त्याचा आवाज फाटला होता.

"आपने ही तय किया था ना कि इतना ही लोड काफी है?"

"हो," मी म्हटलं. "जी, मैंने किया था."

"तो अब? घर में छोटा बच्चा है मेरा. क्या करूं मैं?"

मला त्याला सांगायचं होतं की एका घरामागे एक एसी धरून तो लोड काढला होता, आणि त्याच्या घरात तीन आहेत. सांगितलं असतं तर खरंच होतं. पण त्याच्या मागे एक बाई ओढणीच्या टोकाने लेकराला वारा घालत होती, आणि मला ते बोलवेना. मी एवढंच म्हटलं, की सगळ्यांनी आधी वर जाऊन खिडक्या लावा, पडदे ओढा. आता उघडं ठेवलंत तर लू, म्हणजे बाहेरचा तापलेला वारा, आत शिरेल. ऊन उतरलं की सगळं उघडा. ज्यांनी काचा बसवल्यात त्यांनी त्या मात्र सरकवून उघड्या ठेवा, आणि बाल्कनीचं आतलं दार बंद करा.

"बिजली चली गई, और मॅडम कह रही हैं खिड़की बंद करो," मागून कुणीतरी म्हणालं. दोघं-तिघं हसले. ते हसणं मला धडाक्यापेक्षा जास्त लागलं.

लोक पांगले. ज्यांची सोय होती ते गाड्या काढून नातेवाइकांकडे, मॉलमध्ये, हॉटेलात निघाले. फाटकापाशी गाड्यांची रांग लागली. बँकवाल्याची बायको लेकराला घेऊन एका शेजारणीच्या गाडीत गेली. तो ट्रान्सफॉर्मरपाशी माणसं येण्याची वाट बघत थांबला. मी वर आले.

आई पलंगावर उठून बसली होती. पदराने गळा पुसत होती. "अगं, खिडकी उघड आधी. जीव गुदमरतोय."

"आई, बाहेर भट्टी आहे. आत त्याच्यापेक्षा बरं आहे. वारा नाही म्हणून तुला तसं वाटतंय."

"पुण्यात मे महिन्यात आम्ही सगळं घर उघडं टाकतो."

"हे पुणं नाही गं."

तिने माझ्याकडे बघितलं. आईला रक्तदाबाची गोळी चालू आहे. तिचा चेहरा लाल झाला होता, आणि वरच्या ओठावर घाम होता. "खरं सांग," ती म्हणाली, "तुला नक्की ठाऊक आहे ना? का माझ्यावर प्रयोग चाललाय तुझा?"

या घराचं गणित मी कॉम्प्युटरवर कितीदा तरी केलेलं होतं. वीज गेली तर काय होईल, याचंसुद्धा. कॉम्प्युटरमधल्या त्या घरात माणसंही धरलेली असतात, पण ती म्हणजे नुसते उष्णता सोडणारे ठिपके. त्यांना वय नसतं, रक्तदाब नसतो, ती घाबरत नाहीत. आणि आता त्या ठिपक्याच्या जागी माझी आई बसली होती. मी भिंतीला हात लावून बघितला. भिंत तापलेली नव्हती. खोलीतलं तापमान दाखवणारं एक यंत्र मी हॉलमध्ये लावून ठेवलेलं आहे; ते बघितलं, सकाळपेक्षा वाढलं होतं, पण फार नाही. मी आईला उत्तरेकडच्या खोलीत नेलं, जमिनीवर चटई टाकून झोपवलं, पायांवर ओला टॉवेल ठेवला आणि पुठ्ठ्याने वारा घालत बसले. खिडकी उघडली नाही. पण दर थोड्या वेळाने तिची नाडी बघत होते, आणि तिला ते कळत होतं.

काही वेळाने तिचा श्वास सावकाश झाला. डोळे मिटूनच ती म्हणाली, "वरच्या वहिनी आज खाली-वर करताना दिसल्या नाहीत गं. त्यांचे हे तर सकाळीच मिलिटरी कॅन्टीनला सामान आणायला गेलेत. दरवाजा वाजला होता."

माझा हात थांबला. आमचं घर आणि त्यांचं घर आखणीने एकच. आमच्या बाल्कनीत बांबूच्या काड्यांची चिक सोडलेली, आत दार, दाराला जाड पडदा. त्यांच्याकडे ते दारच नव्हतं. पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच, आणि ऊन आता नेमकं पश्चिमेला गेलेलं.

मी फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. मग जिन्याने वर गेले. बेल दाबली तेव्हा लक्षात आलं, बेलला वीज कुठून असणार. दारावर थापा मारल्या. "काकू! अहो काकू!" आत काही नाही. खाली वाकून दाराच्या फटीपाशी हात धरला तर आतून गरम हवा येत होती, तव्यावरून यावी तशी.

सुभेदार काकांना फोन केला. कित्येक महिन्यांनी मी त्यांचा नंबर लावत होते. ते मेट्रोत होते, गाडीचा आवाज येत होता. "काका, काकू दार उघडत नाहीत. जास्तीची किल्ली कुणाकडे आहे का?" क्षणभर त्यांना कळलंच नाही कोण बोलतंय. मग म्हणाले, "किल्ली माझ्याकडं हाय. कडी आतनं न्हाई लावत ती. जोरात हाका मारा. झोपली आसंल." आणि लगेच, वेगळ्याच आवाजात, "ताई, दार तोडा. तोडा म्हणतो ना."

मी खाली ओरडले. बँकवाला शेजारी जिना चढत आला, मागे सोसायटीचा सुरक्षारक्षक. शेजाऱ्याने खांदा लावायला आणि आतून कुलूप फिरायला एकच गाठ पडली. दार उघडलं. काकू दारातच उभ्या होत्या. माझ्याकडे बघत होत्या, पण मला ओळखत नव्हत्या.

"पाणी आलं का?" त्यांनी विचारलं. "म्हशीला पाजायचं ऱ्हायलंय." आणि तिथेच खाली बसल्या.

मी त्यांचा दंड धरला. कातडी चटका बसेल इतकी तापलेली आणि कोरडी, घामाचा टिपूस नाही. आत बघितलं तर सगळी खोली उन्हाने भरलेली. सरकणाऱ्या काचेपुढे कपाट उभं होतं, ती उघडायला जागाच नव्हती. पडदा होता, पण झिरझिरीत, शोभेचा.

"इन्हें नीचे ले चलिए, मेरे घर," मी म्हटलं. आतली प्लास्टिकची खुर्ची शेजाऱ्याने ओढली, काकूंना त्यात बसवलं, आणि तो आणि रक्षक दोघांनी खुर्ची उचलली. मी मागून त्यांचं डोकं सांभाळत होते. काकू सारख्या कलंडत होत्या. जिन्याच्या वळणावर खुर्ची अडकली, शेजाऱ्याचा पाय पायरीवरून घसरला, त्याचा गुडघा कठड्यावर आपटला. "रुकना मत," तो स्वतःलाच म्हणाला.

आमच्या दारात आई उभी होती. ती आजारी दिसत नव्हती. तिने चटई मोकळी केली, काकूंना आडवं करवलं, पुरुषांना बाहेर काढलं, पदर आणि ब्लाउज सैल केला. आम्ही चादरी भिजवून अंगावर टाकल्या, मानेला, काखेत, जांघेत ओले पंचे ठेवले. शेजारी दाराबाहेरून रुग्णवाहिकेला फोन करत होता. सगळ्या गाड्या बाहेर होत्या, वेळ लागेल म्हणाले. त्याच्या ओळखीचा एक डॉक्टर फोनवर आला. तो एवढंच म्हणाला, की आधी अंग थंड करा, मग हलवा. शुद्धीवर नसताना तोंडात पाणी घालू नका. आई वारा घालत होती. मी बादल्या आणत होते. पाणी अंगावर टाकलं की कोमट होऊन जायचं. पुन्हा टाकायचं.

तेवढ्यात काकूंना झटका आला. सगळं अंग ताठ झालं, डोळे वर गेले. आईने त्यांचं डोकं कुशीवर वळवून धरलं आणि मला म्हणाली, "ओतत राहा. थांबू नकोस." मी ओतत राहिले. डोक्यात एकच गोष्ट येत होती: आता या गेल्या तर.

झटका ओसरला. कितीतरी वेळ काही झालं नाही. मग काकूंच्या पापण्या हलल्या. त्यांनी आधी छताकडे, मग आईकडे बघितलं. "वैनी," त्या पुटपुटल्या, "तुमच्याकडं कशी आले मी?"

आईने त्यांच्या कपाळावरचे ओले केस मागे सारले. "चालत नाही आलात हे नक्की. का नाही आलात?"

काकूंनी मान वळवली. "तुम्ही बोलवलं न्हाई," त्या म्हणाल्या.

आम्ही शेजाऱ्याच्या गाडीतून त्यांना दवाखान्यात नेलं. गाडीचा एसी पूर्ण सोडला होता, तरी मी खिडकीशी बसून ओल्या पंच्याने त्यांचं तोंड पुसत होते. डॉक्टरांनी लगेच आत घेतलं. सुभेदार काका तिथेच येऊन पोचले. हातात कॅन्टीनची पिशवी तशीच होती, तिच्यातून बिस्किटाचे पुडे डोकावत होते. दाराच्या गोल काचेतून त्यांनी आत बघितलं, बराच वेळ. मग माझ्याकडे आले. मला वाटलं, आभार मानतील. मला ते ऐकायचं होतं, हे आता लपवण्यात अर्थ नाही.

"नोटीस यायच्या आदी ती रोज दुपारी तुमच्याकडं असायची," ते म्हणाले. "रोज. ह्याच टायमाला."

"काका, मी..."

"काच मी लावली. ते माझं मी बघीन. पर ती जिना उतरून तुमच्या दारात यायला लाजली. ते कुणाचं?"

ते मोठ्याने बोलत नव्हते. मोठ्याने बोलले असते तर मला उलट बोलता आलं असतं. शेजारी खाली बघत गुडघा चोळत उभा होता. मी बाकावर बसले. काकाही बसले, दुसऱ्या टोकाला. आमच्या मध्ये ती पिशवी होती. डॉक्टर बाहेर येऊन धोका टळला आहे, पण काही दिवस ठेवून घेऊ असं सांगेपर्यंत आम्ही तसेच बसून होतो.

मी घरी आले तेव्हा ऊन उतरत होतं. वीज नव्हतीच. आमचं दार उघडं, आणि आत माणसं. आईने मला न विचारता समोरच्या इमारतीतल्या दोन म्हाताऱ्या आणि एका एकट्या राहणाऱ्या आजोबांना बोलावून आणलं होतं. तिला हिंदी धड येत नाही, कसं सांगितलं असेल कोण जाणे. उत्तरेच्या खोलीत सगळे ओळीने भिंतीला टेकून बसले होते, ओल्या रुमालांनी पाय पुसत. कुणाला थंड वाटत नव्हतं. पण सगळे शुद्धीवर होते, बोलत होते. आईने सगळ्यांना सरबत दिलं होतं.

मी पुन्हा खाली उतरले आणि एकेका जिन्याने फिरले. दार वाजवायचं आणि सांगायचं, आता उघडा, समोरासमोरच्या खिडक्या उघडा. दुपारी हसलेल्यांपैकी एकाच्या दारातही गेले. त्याने सगळ्या खिडक्या उघडल्या. दोन घरांत काचेच्या बाल्कन्या होत्या, तिथे आत पाऊल ठेववत नव्हतं. त्यातल्या एका घरातले लोक कुठेच गेलेले नव्हते. सगळे न्हाणीघरात ओल्या फरशीवर बसून होते.

नवा ट्रान्सफॉर्मर दुसऱ्या दिवशी दुपारी बसला. तो का जळला यावर ग्रुपवर कितीतरी दिवस भांडण चाललं. लोड कमी ठेवला म्हणून जळला, म्हणणारे बरोबर होते. धरलेल्या लोडच्या वर कितीतरी एसी चढले म्हणून जळला, असं म्हणणारी मीही बरोबर होते. त्याने कुणाचं समाधान झालं नाही.

ठरावाची सभा ठरल्याप्रमाणे जूनमध्ये झाली. माझ्या पिशवीत एक तक्ता होता. आमच्या घरातलं मोजलेलं तापमान आणि वरच्या घरातलं गणिताने काढलेलं, एकाच दिवसाचं; काकूंच्या अंगातला ताप किती होता तो दवाखान्यातून कळला होता, तोही. तो तक्ता दाखवला असता तर ठराव त्याच क्षणी पडला असता. पण काकू पहिल्या रांगेत बसल्या होत्या, महिन्याभरात अर्ध्या झालेल्या, खांद्यावरून शाल घेऊन. त्यांना सगळ्यांसमोर पुरावा म्हणून उभं करणं मला जमेना. मी तक्ता बाहेर काढलाच नाही. एवढंच म्हटलं, की तळमजल्यावरची उत्तरेकडची सामानाची खोली रिकामी करू या, तिथे बॅटरीवर चालणारे पंखे ठेवू या, आणि वीज गेली की एकट्या माणसांना तिथे आणायचं. मग सुभेदार काका उठले. म्हणाले, "प्रस्ताव मेरा है, मैं वापस नहीं लेता. लेकिन पश्चिम में शीशा नहीं. बाकी तरफ लगाओ." तसाच मंजूर झाला. ट्रान्सफॉर्मर आणखी मोठा मागवायचाही ठराव झाला. मी एकटीने विरोधात हात वर केला आणि हरले. मोठा ट्रान्सफॉर्मर आला म्हणजे आणखी एसी येणार, हे मला दिसत होतं, आणि आले.

काकांनी पश्चिमेची काच काढली. पाडलेली भिंत मात्र पुन्हा बांधली नाही. जाड कनातीचा पडदा लावला, सैन्यातल्या तंबूला असतो तसा. उन्हाळ्यात दुपारी ते आता जिन्याजिन्याने फिरतात, काठीने दारं वाजवतात, एकटं माणूस असेल तर आवाज आल्याशिवाय पुढे जात नाहीत. आमच्या दाराशी आले की आईची चौकशी करतात. माझ्याशी मोजकंच बोलतात. ते बदलेल असं मला वाटत नाही, आणि मी त्यासाठी काही करायलाही जात नाही.

ऑफिसात सध्या गुरुग्रामपलीकडच्या एका नव्या वसाहतीचं काम आहे. नकाशात मी सगळ्यात आधी वीज गेल्यावर एकत्र बसायची ती खोली काढली: फाटकाजवळ, तळमजल्यावर, उत्तरेला, जाड भिंतींची. बिल्डरला तिथे जिम हवी आहे. दोन बैठका त्यावरच गेल्या, तिसरी पुढच्या सोमवारी आहे. परवा मी काकूंना विचारलं, अशा खोलीत काय काय असावं. त्या आईच्या शेजारी पाय पसरून लसूण सोलत होत्या. जरा विचार करून म्हणाल्या, "बसायला भित्तीकडंनं जागा ठेवा. मधी न्हाई. मधी बसलं की सगळी बघत्यात." थोड्या वेळाने त्यांनी आणखी एक सांगितलं, की मोरी लांब नको, लांब असली की म्हातारी माणसं पाणीच पीत नाहीत.

रात्रीचा स्वयंपाक व्हायच्या आत मी नकाशा उघडला आणि खोलीला लागून मोरी काढली.